चिंधासरांची अकरावी

परवा आमच्या जुन्या शाळेची स्मरणिका टपालाने आली. गुळगुळीत कागद, मागेपुढे खताच्या आणि बियाण्याच्या जाहिराती. 'शाळेची वाटचाल' असं एक पान होतं आणि त्यात आजवरच्या हेडमास्तरांची नावं होती. मधेच एका ओळीत छापलं होतं, श्री. चिंतामण सर. आडनाव नाही, फोटो नाही. मी स्मरणिका आपटली आणि बायकोला म्हटलं, चहा नंतर दे, आधी मला एक सणसणीत शिवी देऊ दे. चाळीस वर्षं मास्तरकी केलेल्या माणसाच्या तोंडात शिव्या शोभत नाहीत म्हणतात. न शोभू देत.

चिंतामण म्हणे. अहो, त्या माणसाचं नाव चिंधा. आधीची दोन-तीन भावंडं पाळण्यातच गेली, तेव्हा आईने या पोराचं नाव चिंधा ठेवलं. चिंधी म्हटल्यावर यमालाही हात लावावासा वाटणार नाही, असा हिशेब. आमच्या खानदेशात घराघरात एक चिंधा, एक दगडू सापडेल. हे चिंधासर हेडमास्तर म्हणून हजर झाले, त्याच दिवशी संस्थेच्या मंडळींनी सुचवलं, की हायस्कूलच्या पाटीवर चिंधा बरं दिसत नाही, चिंतामण लावा, आद्याक्षर तेच राहतं. सर म्हणाले, "मन्ही मायनी ठेवेल नाव शे. ते बदलानं नही." आणि रंगाऱ्याजवळ उभं राहून त्यांनी पाटीवर ठसठशीत 'चिंधा' लिहून घेतलं. आता माणूस गेल्यावर बारसं करताहेत.

गावाचं नाव मी सांगणार नाही. सांगितलं तर तिथली दोन घरं आजही माझ्याशी बोलणं टाकतील. अक्कलकुव्याच्या बाजूचं गाव, पाठीशी सातपुडा, पुढे कापूस आणि केळी, एवढं पुरे. तेव्हा आमचा जिल्हा धुळे. गावात अहिराणी, गुजरांच्या घरात त्यांची गुजराती वळणाची बोली, डोंगरातून येणाऱ्या पोरांची भिली, आणि पुस्तकात चौथीच एक भाषा, तिला मराठी म्हणायचं. अशा ठिकाणी आमचं हायस्कूल. मी गणित आणि शास्त्र शिकवायचो. धानोऱ्याहून आलेला, नवीन लग्न झालेला, आणि डोक्यात हवा असलेला मास्तर होतो.

चिंधासर दिसायला अगदीच साधे. बुटके, काळे, अंगात बारा महिने एकच बंद गळ्याचा कोट. त्या कोटाच्या उजव्या खिशात भाजलेल्या शेंगा आणि डाव्या खिशात टरफलं. टरफल त्यांनी कधी जमिनीवर टाकलं नाही. काहीही वाईट बातमी आली, छप्पर उडालं, मास्तर पळाला, ग्रँट अडकली, की ते एक शेंग फोडायचे, दाणे तोंडात टाकायचे आणि विचारायचे, "मंग आते काय करानं?" त्यात हताशपणा नसायचा. समोरच्याने खरोखर उत्तर द्यायचं असायचं. तुम्ही नुसते हळहळलात तर ते तोच प्रश्न पुन्हा विचारायचे. तिसऱ्या वेळेला माणूस कामाला लागायचा, मीसुद्धा.

त्यांचा एक पायंडा मी इतरत्र कुठे पाहिला नाही. बाकीच्या शाळांत वार्षिक अहवाल स्नेहसंमेलनात वाचतात. पाहुण्यांच्या गळ्यात हार, आणि 'शाळेची उत्तरोत्तर प्रगती होत आहे' हे वाक्य. आमचे सर हा अहवाल दरवर्षी जूनमध्ये आठवडे बाजारात द्यायचे. डोंगरातली माणसं चारोळी, डिंक, मोहाची फुलं घेऊन त्या दिवशी खाली उतरायची, शेतकरी खरेदीला यायचे. सर एका बैलगाडीत चढून उभे राहायचे आणि मागल्या वर्षी काय कबूल केलं होतं आणि त्यातलं काय झालं नाही, ते आधी सांगायचे.

"मायबाप, आयका," अशी सुरुवात. "मागला साले सांगेल व्हतं, शायाले विहीर करसूत. विहीर हुयनी, पानी लागनं नही. सांगेल व्हतं, इंग्रजीले मास्तर आनसूत. मास्तर ऊना, पयी गया." लोक हसायचे. मग ते झालेली कामं सांगायचे, ती पटकन उरकायची. मग विचारायचे, आता या वर्षी काय करायचं ते तुम्ही बोला. एकदा एका म्हाताऱ्याने ओरडून सांगितलं, मास्तर लोकांना आमच्या पोरांची बोली येत नाही, मग पोराला समजलं नाही हे मास्तरला कसं समजणार? झालं. त्या वर्षी दर शनिवारी शाळा सुटल्यावर आम्ही मास्तर बाकांवर, आणि डोंगरातली दोन पोरं फळ्यापाशी. मला भिलीतलं 'ये', 'बस' आणि एक शिवी एवढंच नीट आलं. सरांना मात्र वर्षभरात भांडण्यापुरती आली.

संस्थेच्या मंडळींना ही बाजारातली कबुली बिलकूल रुचायची नाही. अध्यक्ष आबासाहेब म्हणायचे, सर, घरातली भांडी घरात घासावीत. सर म्हणायचे, आबासाहेब, घर त्यांचं आहे, आपण भांडी घासायला ठेवलेले लोक.

पहिल्याच वर्षी सर तोंडावर आपटले होते, हेही सांगतो. मॅट्रिकची परीक्षा मार्चमध्ये, होळीही त्याच सुमारास. डोंगरात होळी म्हणजे वर्षाचा सण. दिवाळी तिथे आपली येते आणि जाते, पण होळीला माणूस कुठेही असो, घरी जातो. नवस असतात, दिवस पाळायचे असतात. सरांनी नोटीस काढली, की वरच्या वर्गांना होळीची सुट्टी नाही. दुसऱ्या दिवशी अर्धे बाक रिकामे. आठवडा झाला तरी पोरं परतली नाहीत. सर रागारागाने डोंगरात गेले, पोरांना कानाला धरून आणायला. आले ते चार दिवसांनी, एकटेच, कोटाला गुलालाचे डाग आणि चाल थोडी लंगडी. त्यांना तिथे नाचवलं होतं. दित्या नावाच्या एका पोराचा बाप त्यांना म्हणाला होता, मास्तर, होळी सरकत नाही, तू सरक. हे आम्हाला सांगताना सर स्वतःच खोखो हसले.

त्या जूनला बाजारात ते गाडीवर चढले. "होळीले पोरेसले कोंडी ठेवानं मी ठरायेल व्हतं," ते म्हणाले. "चूक मन्ही शे, पोरेसनी नही." आणि शाळाच सरकवली. दिवाळीच्या सुट्टीत डोंगरातल्या पोरांचे वर्ग भरवायचे, सगळा अभ्यास माघापर्यंत संपवायचा, आणि होळीला शाळा मोकळी. सुट्ट्या ठरवायचा अधिकार खात्याचा होता, हे त्यांना चांगलं माहीत होतं. खात्याला त्यांनी तसं लिहूनही कळवलं. परवानगी मागितली नाही, कळवलं.

मग व्हायचं तेच झालं. पुढे एका वर्षी होळीची सुट्टी संपून शाळा उघडायच्या दिवशी, सकाळीच, इन्स्पेक्टरसाहेबांची जीप शाळेच्या आवारात शिरली. कपाळावर रेखीव गंध, हातात छडीसारखी छत्री. साहेब दहावीच्या वर्गात गेले तर निम्मा वर्ग रिकामा. सर सांगत होते, दुपारपर्यंत येतील, आज यायचं कबूल केलंय. तेवढ्यात व्हरांड्यातून घुंगरांचा आवाज आला. दारात दित्या उभा. होळीत बुध्या, म्हणजे राख फासून नाचणारा नवसकरी, व्हायचा त्याचा नवस होता. अंगभर राखेचे पांढरे पट्टे आणि ठिपके, कमरेला घुंगरांचा जाड पट्टा. मोरपिसांचा टोप तेवढा त्याने बाहेर निंबाखाली ठेवला होता. आंघोळ करून नवस उतरवायला वेळ राहिला नाही, आणि आजच्या दिवशी येतो असं सरांना सांगितलेलं, म्हणून होळीवरून तो तडक चालत आला होता. आत आला, बाकावर बसला, पिशवीतून वही-पुस्तक काढलं. तो हलला की वर्गभर छुमछुम.

साहेब म्हणाले, "हेडमास्तर, हा काय तमाशा आहे?"

सर शांतपणे म्हणाले, "साहेब, नवस आहे. आपल्या कपाळावर गंध आहे, तसे त्याच्या अंगावर ठिपके आहेत. त्याचे जरा जास्त आहेत, एवढंच."

मी मागे उभा होतो. दाराकडे एक पाऊल सरकलो, खोटं कशाला बोलू. साहेबांचा चेहरा केळीच्या पानासारखा हिरवा झाला. सर थांबले असते तरी निभावलं असतं, पण ते थांबणाऱ्यांतले नव्हते. ते म्हणाले, "आणि साहेब, पोरगा सांगितलेल्या दिवशी हजर आहे, हे शेऱ्यात लिहायचं राहू नये."

शेऱ्यात ते राहिलंच. 'शिस्त ढिली, उपस्थिती असमाधानकारक' एवढं आलं. आणि मग पुढच्या वर्षी, दित्याची तुकडी अकरावीत असताना, खात्याचं पत्र आलं. अकरावीचा, म्हणजे मॅट्रिकचा, निकाल या वर्षी सुधारला नाही तर त्या वर्गाची मान्यता काढून घेऊ. मान्यता गेली तर अकरावीला नंदुरबार गाठायचं. गावातली चार घरची पोरं जातील तिथे. डोंगरातलं एकही जाणार नाही, हे उघड होतं. सरांनी पत्र आम्हाला वाचून दाखवलं, शेंग फोडली आणि नेहमीचा प्रश्न विचारला.

उत्तर आबासाहेबांकडे तयार होतं. आबासाहेब वाईट माणूस नव्हता. शाळेला जमीन त्यांनीच दिली होती, आणि शाळा टिकावी हेच त्यांच्या मनात होतं. चाचणी परीक्षा झाल्यावर ते हेडमास्तरांच्या खोलीत येऊन बसले. आम्ही मास्तर भिंतीला टेकून उभे.

"सर, सगळ्या शाळा करतात तेच आपण करू," आबासाहेब म्हणाले. "जे हमखास निघतील तेवढ्यांनाच मॅट्रिकला बसवा. कच्चे या वर्षी थांबवा. निकाल झकास लागेल, वर्ग वाचेल. पुढल्या साली बसतील बिचारे."

"कच्चे म्हणजे कोण?" सरांनी विचारलं.

"ते तुम्हाला माहीत. डोंगरातले बहुतेक."

"डोंगरातलं पोरगं एक वर्ष थांबलं, की ते परत येत नाही, आबासाहेब. बाप त्याला औताला लावतो. त्याचं थांबणं म्हणजे संपणं."

"अहो, पण वर्गच गेला तर पुढची सगळी पोरं जातील. दहा पोरांसाठी शाळा बुडवता का?"

हे बोलणं काही खोटं नव्हतं. खोलीत आम्ही सगळेच मनातल्या मनात मान हलवत होतो. कोणत्या शाळेने हे केलं नव्हतं? आजही करतात, फक्त नाव वेगळं देतात. सरांनी चाचणीच्या मार्कांचा तक्ता पुढे ओढला. तो बघून म्हणाले, "ठीक शे. थांबवतो. पण कच्चे म्हणजे कच्चे. चाचणीत सगळ्यात कमी मार्क तुमच्या पुतण्याला आहेत. पहिल्यांदा त्याला थांबवतो, मग बाकीचे. चालेल?"

आबासाहेबांनी उपरण्याने मान पुसली. "त्याचं वेगळं शे," ते शेवटी म्हणाले. "त्याची सोयरीक ठरी ऱ्हायनी. मॅट्रिकला बसेल शे, असं तिकडं सांगेल शे."

"मग बाकीच्यांचंही वेगळं असेल," सर म्हणाले. "वर्ग वाचवायचा तो या पोरांसाठी. पोरं काढून वाचवलेला वर्ग मला नको. सगळे बसतील. तुमचा पुतण्याही बसेल."

आबासाहेब उठले. दारात थांबून म्हणाले, "सर, वर्ग गेला तर तुम्हीही जाल." सर म्हणाले, "हा, ते बराबर शे." अगदी दूधवाल्याशी बोलावं तसं.

पुढचे दोन महिने त्यांनी आम्हाला पिळून काढलं. पहाटेपासून वर्ग. मास्तरांच्या बायका चिडल्या, माझी तर माहेरी निघाली होती. सर घरी येऊन तिला म्हणाले, "ताई, दोन महिने मला शिव्या द्या, याला देऊ नका." तिने दोन्ही चालू ठेवलं. त्या वर्षीही होळीला पोरं घरी गेली आणि ठरल्या दिवशी परत आली. परीक्षेला सगळे बसले.

निकाल लागला. डोंगरातली तीन पोरं पास झाली, आमच्या शाळेतून पहिल्यांदाच. दित्या इंग्रजीत गेला. पुतण्या बहुतेक सगळ्यात गेला. आणि एकूण निकाल मागल्या वर्षीपेक्षा खाली आला. आठवड्याभरात खात्याचं पत्र आलं, अकरावीची मान्यता काढली. त्यापाठोपाठ संस्थेचं पत्र आलं, आपल्या सेवेची आवश्यकता नाही.

आता गावाला वाटलं, हा माणूस गुपचूप ट्रंक उचलून धुळ्याची गाडी पकडेल. कुणीही तेच केलं असतं. जूनच्या बाजाराच्या दिवशी चिंधासर बैलगाडीवर चढले. नव्या हेडमास्तरांनी शिपायाला पाठवलं होतं, त्यांना खाली उतरवायला. शिपाई गाडीच्या चाकाशी येऊन उभा राहिला आणि तोही ऐकू लागला.

सरांनी नेहमीसारखंच सांगितलं. मागल्या साली म्हटलं होतं निकाल सुधारू, सुधारला नाही. अकरावीचा वर्ग गेला. मी सगळ्यांना बसवलं म्हणून गेला. हे मी जाणूनबुजून केलं.

गर्दीतून कुणी तरी ओरडलं, "शाया बुडावी तुम्ही!"

"हा, बुडावी," सर म्हणाले. आवाज चढला नाही. "वर्ग सरकारना व्हता, सरकार लई गया. पोरे तुमना शेतस, त्या कोठेच गया नहीत. उद्यापाइन मन्हा ओटावर अकरावी. जो नापास व्हयना तो येवो. फी नही, घंटा नही, साहेब बी येवाव नही."

काही लोक पाठ फिरवून निघून गेले. एकाने तर थुंकून दाखवलं. मला त्या दिवशी गावाची जितकी चीड आली तितकी पुढे कधी आली नाही. पण दुसऱ्या दिवशी सकाळी सरांच्या ओट्यावर सहा पोरं होती. दित्या डोंगर उतरून आला होता. तिसऱ्या दिवशी बगलेत घोंगडी मारून आबासाहेबांचा पुतण्या आला. त्याला पाहून सर फक्त म्हणाले, सरकून बसा रे, याला जागा द्या. सरांची बायको आतून ताक पाठवायची. गणिताला मी जात होतो. नव्या हेडमास्तरांनी मला दोनदा बोलावून समज दिली, आणि मला ती दोन्ही वेळा समजली नाही.

पोरांना बाहेरून बसवायचं होतं, ऑक्टोबरच्या परीक्षेला. त्यासाठी सरांनी किती कचेऱ्यांचे उंबरे झिजवले ते त्यांनी कधी सांगितलं नाही. मी विचारलं की शेंगा पुढे करायचे.

ऑक्टोबरात नंदुरबारच्या केंद्रावर आम्ही पोरांना घेऊन गेलो. एस.टी.च्या टपावर वळकट्या, आत पोरं, सरांच्या मांडीवर भाकरीचं गाठोडं. पहिला पेपर इंग्रजीचा. केंद्रावर माझ्या ओळखीचे एक मास्तर होते. त्यांनी आमचा घोळका पाहिला, डोंगरातली पोरं पाहिली, आणि सरांना जरा सहानुभूतीनेच विचारलं, "सर, नोकरी घालवून एवढा खटाटोप केलात. यातली किती निघतील?"

"ते पोरं आणि पेपर बघून घेतील," सर म्हणाले. "कोण बसणार नाही ते ठरवणारा मी नाही, तुम्ही नाही, आबासाहेबही नाहीत."

घंटा झाली. पोरं आत गेली. दित्याचा नंबर रस्त्याकडच्या खोलीत, खिडकीजवळ होता. सर कुंपणाशी जाऊन टाचा उंचावून उभे राहिले, बुटके होते ना. आत दित्या बाकाभोवती घुटमळत होता, नंबर पुन्हा पुन्हा तपासत होता, एवढ्या शहरी पोरांत आपली जागा खरंच आपली आहे का असा. केंद्रातल्या शिपायाने हटकलं, "ओ, आता काय बघता? निघा इथून." सर हलले नाहीत. मग दित्या बाकावर टेकला. पर्यवेक्षकाने त्याच्या पुढ्यात पेपर ठेवला.

"बठना," सर म्हणाले. बसला.

त्याच्या दुसऱ्याच महिन्यात मला शहाद्याला नोकरी लागली, आणि सर माझ्या डोळ्यांपुढे आहेत ते त्या दिवसाचेच. दित्या पास झाला का, असं लोक मला विचारतात. दित्याला विचारा. सरांनी त्या दिवशी तेवढं बसणं पाहिलं, कुंपणावरचा हात काढला, शिपायाला हातात दोन शेंगा दिल्या आणि पुढच्या पेपराची तयारी करायला धर्मशाळेकडे चालू लागले.